वडशाच्या नाटकाला परीक्षण हवंय

पुण्या-मुंबईचा एखादा नाट्यसमीक्षक नागपुरात उतरला की आमच्या नाटकवाल्यांची धांदल बघण्यासारखी असते. पाहुण्यांना सावजी झेपेल का, तर्री वेगळी मागवायची का, परतीचं विमान किती वाजता, सगळं चोख. संध्याकाळी आमचं नाटक बघून पाहुणे जे म्हणतात ते आम्ही पुढे वर्षभर एकमेकांना ऐकवतो : "इतक्या लांब राहून तुम्ही हे करता, कमाल आहे." इतक्या लांब म्हणजे कुणापासून लांब, असं कुणी विचारत नाही. विचारलं तर पाहुणे पुन्हा यायचे नाहीत.

ही तक्रार जुनी आहे आणि खोटीही नाही. स्पर्धेचे निकाल असोत, दौरे असोत, पुरस्कार असोत, विषय निघाला की नागपूरकर पश्चिमेकडे बोट दाखवतो. पण हाच नागपूरकर पूर्वेकडे, वडशाच्या नाटकाकडे वळला की क्षणात त्याचाच पुणेरी समीक्षक होतो. तोही नाटक न बघता.

एका एकांकिका स्पर्धेत परीक्षकांनी एका मुलीला सगळ्यांदेखत सांगितलं, "गळा छान आहे तुझा, पण जरा वडसा आवर." सभागृह हसलं. परीक्षक बाहेरचे होते, पण हसण्यात नागपूर पुढे होतं. मुलगी नागभीडकडची, इथे शिकायला असलेली, हिवाळ्यात वडशाच्या नाटकांचा हंगाम करणारी. तिने मान डोलावली, प्रमाणपत्र पिशवीत टाकलं आणि निघाली, कारण त्या रात्री ब्रह्मपुरीच्या अलीकडे तिची नाइट, म्हणजे रात्रीचा प्रयोग, होती आणि गाडी सक्करदरा चौकात येऊन थांबली होती. त्या एका नाइटचे तिला जे मिळणार होते तेवढं त्या स्पर्धेतलं अभिनयाचं बक्षीसही नव्हतं.

वडसा म्हणजे कागदोपत्री देसाईगंज. गडचिरोली जिल्हा, वैनगंगेच्या पलीकडचा काठ. नागपूरहून उमरेड, मग मिरचीचं भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी आणि मग नदीवरचा पूल. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतला धानाचा जो मुलूख, ती झाडीपट्टी, आणि तिच्या नाटकांचा सगळा व्यवहार वडशात ठरतो. नाटकमंडळ्यांची कार्यालयं तिथे. गावोगावची मंडळं येतात, पोस्टरं बघतात, औंदा कोण कोण कलावंत आहे ते विचारतात, घासाघीस करून तारीख पक्की करतात आणि इसार देऊन परततात. भाऊबीजेला हंगाम उघडतो तो पार होळीपर्यंत. धान घरात आलेलं असतं, हातात थोडा पैसा खेळत असतो, गावात मंडई, म्हणजे जत्रा, असते नाहीतर शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती. लेकी-जावई येतात, सोयरे येतात, पोरीच्या लग्नाची बोलणीसुद्धा याच गर्दीत उरकतात. दिवसा मंडई, रात्री नाटक. बैलांच्या शर्यतींवर बंदी आली तेव्हा पट थांबले, नाटकं चालू राहिली. ती थांबली करोनात.

सुरुवात दहाला म्हणतात, प्रत्यक्षात अकरा वाजतात, आणि संपतं तेव्हा उजाडायला आलेलं असतं. सगळं तिकिटावर. मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक नाटकाला प्रयोगामागे सरकारी अनुदानाची सोय आहे आणि तरी निर्मात्याचं रडगाणं संपत नाही. इथे गावाचं मंडळच नाटक विकत घेतं, कनाती ठोकतं, तिकिटं फाडतं. नफा झाला तर देवळाच्या नाहीतर शाळेच्या कामाला लागतो, तोटा झाला तर पोरं आपसात वाटून घेतात.

आता जानेवारीतल्या एका रात्रीबद्दल जरा ऐसपैस सांगतो, कारण 'वडसा आवर' म्हणणाऱ्यांनी जे ऐकलेलंच नसतं ते तिथे ऐकायला मिळालं. जागा मला मुद्दाम वाद्यवाल्यांच्या बाजूची मिळाली होती. पुढे खुर्च्या, मागे तणसावर सतरंज्या, त्यावर अख्खी कुटुंबं घोंगड्या-चादरी घेऊन. मंचावर रंगवलेले गुंडाळीचे पडदे : वाडा, जंगल, रस्ता. वरून दोरीने सोडलेले माइक. मंचाच्या कडेला ऑर्गन, तबला आणि ऑक्टोपॅड. विंगेत गुडघ्यावर वही आणि हातात टॉर्च घेतलेला प्रॉम्प्टर, कारण नायिका आदल्या रात्री भलत्याच मंडळीत भलत्याच नाटकात होती आणि या नाटकाची तालीम तिला दुपारी दोन तास मिळाली होती.

कथा दारूची. शहरात हा विषय कुणी मंचावर आणला तर आपण जांभई देऊ. पण गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी १९९३ पासून आहे, चंद्रपुरात २०१५ साली आली आणि २०२१ मध्ये उठली. समोर बसलेल्या बायांपैकी किती जणी त्यासाठी मोर्चात चालल्या असतील आणि किती जणींच्या घरात ती तरीही येत असेल, याचा हिशेब मंचावरच्या नटाला पक्का ठाऊक असतो. म्हणून नवरा बाटली घेऊन येतो त्या प्रसंगाला तिथे जो सन्नाटा पडतो, तो कुठल्याही सभागृहात मोबाईल बंद करण्याची सूचना देऊन मिळायचा नाही.

दुसऱ्या अंकात नायिकेचं पद आलं. सलग नाइटा करून पोरीचा आवाज बसला होता. धृपद निभावलं, अंतऱ्याच्या वरच्या षड्जाला गळा चिरकला. मी ऑर्गनवाल्याकडे बघत होतो. साठीचा माणूस, मफलर, वहीत नोटेशन वगैरे काही नाही. त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मधल्या संगीताचा तुकडा नेहमीपेक्षा लांबवला, त्यात दोन वळणं घेतली आणि काळी चारवर चाललेलं पद खालच्या पट्टीत, काळी तीनवर आणून ठेवलं. पोरगी दुसरा अंतरा असा उचलून गेली, जणू पहिल्यापासून हीच पट्टी ठरली होती. पंचाईत झाली तबलजीची, त्याचा तबला वर राहिला. तो उरलेलं पद डग्ग्यावर आणि किनारीवर हलक्या हाताने काढत राहिला. नंतर विनोदी नट आला, लोक हसायला लागले, तेव्हा त्या हशाच्या आड त्याने हातोडीने गट्टे वर ठोकून तबला उतरवून घेतला. पुढच्या पदाला सगळं जुळलेलं. मैदानातल्या हजार-दीड हजार माणसांपैकी कुणाला याचा पत्ता लागला नाही. कुणाला लागू नये, हेच तर त्यांचं काम.

माझ्या शेजारी एक म्हातारबा चादरीत गुरफटून बसले होते. एक-दीडच्या सुमाराला ते आडवे झाले आणि मला बजावून ठेवलं, "गाना सुरू झाला का मले उठवजा जी." मी म्हटलं, "आणि मधली गोष्ट?" "ते गान्यात येते ना!"

खरंच येत होती. तीनच्या सुमाराला जे पद आलं त्यात आतापर्यंतची सगळी कर्मकहाणी चार ओळींत पुन्हा सांगितली होती. कथेला ती ओझं वाटावी इतकी उघड. पण निम्मं मैदान पेंगत होतं, लेकरांना शू करायला नेलेल्या आया परत येत होत्या, चहाच्या टपरीवरून माणसं आत सरकत होती. त्या पदाने सगळ्यांना पुन्हा एका जागी आणलं. मागे पडदा बदलला, नायकाचे कपडे बदलले. 'गाण्यामुळे नाटक थांबतं' हे शहरातलं लाडकं वाक्य आहे. सहा तासांचं, उघड्यावरचं, कडाक्याच्या थंडीतलं नाटक गाण्यामुळे चालू राहतं, हे त्या मैदानात बसल्यावर कळायला अर्धी रात्र पुरते.

बाकीच्या आरोपांचंही असंच. नट समोर बघून बोलतात, एकमेकांकडे बघत नाहीत? माइक वर टांगलेले आहेत, त्याखाली येऊन मान वर करून बोललं तरच मागच्या सतरंजीपर्यंत शब्द पोचतो. आवाज चढा लागतो? मैदानाला भिंती नाहीत. लांबण? रात्री दोनला नाटक संपवलं तर शेजारच्या गावाहून आलेल्या माणसांनी लेकरंबाळं घेऊन जंगलातल्या रस्त्याने अंधारात परतायचं का? पहाटेपर्यंतचं नाटक ही त्यांची रात्रीची निवाऱ्याची सोयसुद्धा आहे. दीड तासाच्या, वातानुकूलित, आठशे खुर्च्यांच्या नाटकाचे नियम त्या सभागृहातून जन्मलेले असतात. ते उचलून धानाच्या बांधीत नेले की तिथलं सगळंच चूक दिसणार.

मला खरी गंमत वाटते ती आमच्या दिवाळी पहाटेची. वसंतराव देशपांडे सभागृहात, सुरेश भट सभागृहात, झालंच तर कुठल्याशा बागेत, झब्बे-पैठण्या घालून लोक नाट्यपदं ऐकायला जमतात. डोळे मिटून. आणि त्याच आठवड्यात, भाऊबीजेला, शंभरेक किलोमीटरवर हंगाम उघडतो. तिकडे लोक गाण्यांचं नाटकच बघायला बसतात. इकडे नाटकातून काढलेली गाणी सोवळ्यात, तिकडे नाटकात असलेली गाणी ओवळी.

सोवळ्यातल्या या पदांचा इतिहास काही वेगळा नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' केलं ते सांगलीला, आणि डोळ्यासमोर होते कर्नाटकातून आलेले भागवत खेळ करणारे लोक. अण्णासाहेब किर्लोस्कर मूळचे गुर्लहोसूरचे. १८८० मध्ये पुण्यात त्यांचं 'शाकुंतल' रंगभूमीवर आलं, त्यात दोनशेच्या वर पदं होती. चाली कुठल्या? लावणीच्या, कीर्तनातल्या साक्या-दिंड्यांच्या, कानडी मुलखातल्या. म्हणजे ज्याला आज आपण अभिजात म्हणतो ते गावरान चालींचं गाठोडं घेऊनच पुण्यात शिरलं होतं. बालगंधर्वांच्या काळात एकेका पदाला वन्समोअरवर वन्समोअर, नाटक पहाटेपर्यंत लांबलेलं, शकुंतला विरहात असताना गवई तिच्यात जागा झालेला. त्याबद्दल आपण आज हळहळतो की तो काळ आपल्याला बघायला मिळाला नाही. अहो, त्याची चुलत भावंडं उमरेड रोडने गेलं की बघायला मिळतात!

यात पुण्या-मुंबईचं श्रेय मी नाकारत नाही. गोविंदराव टेंबे, भास्करबुवा बखले यांच्यासारख्यांनी 'मानापमान', 'स्वयंवर' यांना जे संगीत दिलं, त्याने नाटकाच्या पदाला रागदारीचा पाया मिळाला. वडशाला असा संगीतकार अजून लाभलेला नाही, हे कबूल करायला हवं. तिथल्या बऱ्याच चाली सिनेमावरून उचललेल्या असतात आणि उचललेल्या कळतात. पण झाडीपट्टीची मुळंसुद्धा ऐऱ्यागैऱ्या मातीत नाहीत. दंडार आणि खडी गंमत ही इथली लोकनाट्यं आहेत, ढोलकी-तुणतुण्यावर सवाल-जवाब करणारे शाहीर आहेत, बाईचं सोंग घेऊन रात्रभर नाचणारे पुरुष आहेत. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीवर आणि दंडारीवर आयुष्य घालून काम केलं. ते वाचलं तर निदान हे कळतं, की वडशाचं नाटक म्हणजे मुंबईच्या नाटकाची बिघडलेली नक्कल नव्हे.

नागपूरने तर याबाबतीत जास्तच जपून बोलावं. 'कट्यार काळजात घुसली' हे संगीत नाटक १९६७ मध्ये मुंबईच्या रंगभूमीवर गाजलं ते पुरुषोत्तम दारव्हेकरांनी लिहिलेलं, आणि दारव्हेकर मास्तर म्हणजे नागपूरच्या रंजन कला मंदिराचे. खाँसाहेब झाले ते वसंतराव देशपांडे, मूर्तिजापुरात जन्मलेले आणि नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणं शिकलेले. संगीत पं. जितेंद्र अभिषेकींचं. नाटकाचा विषय काय, तर कुणाचं गाणं कुणाच्या दाराबाहेर ठेवायचं. गडकरी मास्तर १९१९ च्या जानेवारीत गेले ते आमच्या सावनेरला. 'भावबंधन'चं अखेरचं लिखाण त्यांनी तिथेच केलं. आणि त्यांचं 'एकच प्याला' त्यांच्या मागे गंधर्व मंडळींनी बडोद्याला केलं, तेही दारूचंच. तळीरामाच्या विनोदाला भडक म्हणायची शहरात कुणाची छाती आहे? तोच तळीराम वडशाच्या नटाने हातवारे करून केला की मात्र 'झाडीपट्टी'.

शहरी तुच्छतेची दुसरी एक जात आहे आणि ती मला पहिल्यापेक्षा जास्त खटकते, कारण ती हार घेऊन येते. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. गडचिरोलीचा हा विनोदी नट पाच दशकं मैदानं हसवत आला, लोक त्यांना विदर्भाचे दादा कोंडके म्हणतात. पद्मश्री जाहीर झाल्यावर सत्कारांच्या भाषणांत एक शब्द हमखास यायचा : दुर्लक्षित. दुर्लक्षित कुणाकडून? ज्या माणसाचं नाव पोस्टरवर असलं की तिकिटं संपायची, त्याच्याकडे त्याच्या प्रेक्षकांचं पुरेपूर लक्ष होतं. लक्ष नव्हतं ते भाषण करणाऱ्यांचं. तीच गोष्ट 'लोककला जपली पाहिजे' म्हणणाऱ्यांची. जपायला ती काय लोणचं आहे? कोट्यवधींची उलाढाल असलेला, शेकडो घरं चालवणारा, नागपूरच्या निम्म्या होतकरू नट्यांना आणि वादकांना हिवाळाभर काम देणारा धंदा आहे तो. चंद्रपूर जिल्ह्यातून आलेले प्रेमानंद गज्वी २०१९ मध्ये नागपूरच्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा आम्हा सगळ्यांची छाती फुगली. संमेलन संपलं, आणि झाडीपट्टीचा मजकूर पुन्हा वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर गेला : अमुक गावी नाटकाचे आयोजन, प्रमुख पाहुणे, दीपप्रज्वलन. नाटक कसं झालं, याबद्दल एक ओळ नाही.

मला हवी आहे ती ओळ. कौतुक नको, अनुदानाची घोषणा नको, शोधनिबंध आहेत तेवढे ठीक आहेत. नागपुरातल्या कुणी नाट्यसमीक्षकाने थंडीचं जाकीट घालून जावं, तिकीट काढावं, पूर्ण रात्र बसावं आणि सकाळी लिहावं की हे पद फसलं, हे जमलं, या नटाने झोप काढली. वाईट असेल त्याला नाव ठेवायचा हक्क बघणाऱ्याला असतोच. आणि तिथे वाईट पुष्कळ आहे. रेकॉर्डिंग डान्स कथेत कुठेही चिकटवलेला असतो, आणि तो नसेल तर मंडळं नाटकच घेत नाहीत, ही मंडळींची सबब दरवर्षी खरी होत चालली आहे. बऱ्याच ठिकाणी पायपेटीची, म्हणजे ऑर्गनची, जागा कॅसिओने घेतली, त्याच्या तयार तालावर पदं पळायला लागली. नट्यांना पिऊन आलेली टोळकी जे बोलतात ते ऐकवत नाही, आणि आयोजक पोरं ऐकून न ऐकल्यासारखं करतात. यावर लिहिणारा कुणी असता तर थोडी तरी लाज राहिली असती. दया दाखवणाऱ्याला हे लिहिता येत नाही, आणि हसणाऱ्याने ते बघितलेलंच नसतं.

तेव्हा आता बोललोच आहे तर त्या रात्रीच्या नाटकाचं माझ्यापुरतं उरकतो.

पहिला अंक बांधेसूद. नवरा-बायकोच्या भांडणात सासूला गप्प ठेवण्याची लेखकाची युक्ती चांगली, तिच्या गप्प राहण्यानेच घर उभं राहतं. दुसऱ्या अंकातला इन्स्पेक्टर पूर्णपणे अनावश्यक. तो काढला तर नाटक अर्धा तास आधी संपेल आणि कुणाचं काही बिघडणार नाही. लावणी नाचणारी मुलगी तालाला पक्की, पण तिची लावणी दारूच्या गुत्त्यात आणायला लेखकाला जो लांब वळसा घ्यावा लागला तो हास्यास्पद. विनोदी नटाचे पहिले दोन प्रवेश अस्सल, तिसऱ्यात तो समोरच्या रांगेच्या नादी लागला आणि घसरला. नायिकेने बसलेल्या गळ्याने शेवटचं पद ज्या संयमाने म्हटलं, तितका संयम मी वर्षभरात नागपूरच्या मंचावर ऐकला नव्हता. वाद्यवृंद उत्तम, त्यातही ऑर्गन. त्यांचं नाव पोस्टरवर तळाशी, बारीक टायपात होतं, ही मंडळीची चूक. प्रकाशयोजना नावापुरती. नायकाचं मरतानाचं पद फार द्रुत घेतल्यामुळे त्यातली मुख्य ओळ माइकमध्ये विरून गेली. मागच्या सतरंजीवरून एका बाईने तसं खणखणीत ओरडून सांगितलंही, "आयकू नाही आला जी!" ऑर्गनवाल्याने लगेच एक आवर्तन मागे घेतलं, नायक कोपरावर उठला, माइकखाली सरकला, ओळ पुन्हा नीट म्हणाला आणि मग मेला.